चिठ्ठी लावणाराचा हात

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी एक शोध दरवर्षी नव्याने लागतो. ज्या डब्यावर बिस्किटांचे चित्र आहे त्यात सुया, दोरे आणि बटणे निघतात. ज्यावर ‘मेथी’ असे ठळक लिहिले आहे त्यात हिंगाचा खडा सापडतो. आणि ज्यावर काहीच लिहिलेले नाही, त्यात नेमकी ती सुपारी असते, जिच्यासाठी पाहुण्यांसमोर अर्धा तास धावाधाव झाली होती. तरीही घराचे काही अडत नाही, कारण सगळ्या डब्यांचा नकाशा गृहिणीच्या डोक्यात असतो. ती चार दिवस माहेरी गेली म्हणजे मात्र चिठ्ठीचे महत्त्व साऱ्या घराला एकदम पटते, आणि तेही सकाळच्या पहिल्या चहालाच.

वस्तूंची ही कथा, तर बोलण्याची काय असेल? दोघेच बोलत असतील तोवर गप्पांना चिठ्ठी लागत नाही. चार-सहा जमले की थोडी लागते. शे-दोनशे जमले म्हणजे तिच्यावाचून कोण कशाविषयी बोलतो आहे तेच कळेनासे होते. त्यातून विषय खेळाचा असला म्हणजे विचारायलाच नको. राजकारणावर बोलताना माणूस एखादे वेळी आवाज खाली आणतो. खेळावर बोलताना आणल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या वैरागात यंदा काही मुलामुलींनी जुन्या खेळांची माहिती गोळा करायला घेतली. वैराग म्हणजे सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे, संतनाथांचे गाव. मी मराठी शिकवते, म्हणून शब्दांची बाजू माझ्याकडे आली. मुले म्हाताऱ्या माणसांना भेटत, एकेका खेळाची हकीकत एकेका पत्त्यावर उतरवून आणत, आणि वर एक मथळा टाकून पत्ता पाकिटात ठेवत. काम सोपे वाटत होते. पण तीन आजोबा एकाच पारावर सापडले आणि हुतूतूवरून जुंपली.

एक म्हणाले, “बाद झालेला गडी परत आत येतो. समोरचा मेला की आपला उठला.”

दुसरे म्हणाले, “अजाबात न्हाई. सगळा संघ मरंस्तवर त्यो बाहीरच.”

तिसऱ्यांनी दोघांनाही मोडीत काढले. “बाहीर जातुयच कशाला? गडी आतच ऱ्हातुय. गुण तेवढा मांडायचा.”

प्रत्येकाने आपापल्या तालमीची शपथ घेतली. प्रकरण एकमेकांच्या वडिलांपर्यंत जाण्याच्या बेतात होते. वास्तविक तिघेही खरे बोलत होते. हुतूतूचे तीन प्रकार जाणकारांनी केव्हाच नावे देऊन वेगळे केले आहेत. बाद गडी पुन्हा जिवंत होतो ती ‘संजीवनी’. सारा संघ बाद होईपर्यंत गडी बाहेर राहतो ती ‘गामिनी’. गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात, तो ‘अमर’. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाने जाते. एका मुलाने तीन पत्त्यांवर ही तीन नावे लिहून तिघांपुढे ठेवली. भांडण जागच्या जागी संपले. आजोबांची किंचित निराशाच झाली असावी. रंगात आलेला वाद तीन शब्दांनी बुडवला होता.

चिठ्ठीचे पहिले काम हे असे असते. ती कोण बरोबर आणि कोण चूक ते ठरवीत नाही. दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत की नाही, एवढेच आधी सांगते. आपल्याकडच्या निम्म्या वादांना यापेक्षा अधिक औषध लागत नाही.

हे शहाणपण महाराष्ट्राला नवे नाही. खो-खोचे नियम पुण्याच्या जिमखान्याने १९१४ साली बांधून दिले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. त्याच सुमारास बडोद्याला द. चिं. मुजुमदार ‘व्यायामज्ञानकोश’ रचू लागले आणि १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. खेळ, कुस्ती, मल्लखांब, कसरती, सारे वर्गवार लावून ठेवण्याचा एवढा मोठा उद्योग मराठीत झाला, हे आज शाळेच्या कपाटांनाही आठवत नसेल. या मंडळींपुढचा प्रश्न पारावरच्या आजोबांचाच होता, फक्त आकाराने मोठा. हाच खेळ बंगालमध्ये हाडुडु, तमिळ मुलखात सडुगुडु, आपल्याकडे हुतूतू. नाव एक झाल्यावाचून नियम एक होईना, आणि नियम एक झाल्यावाचून पुण्याचा संघ कलकत्त्याच्या संघाशी खेळेना. अखेर ‘कबड्डी’ या नावावर देश स्थिरावला. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाई सामन्यांत हा खेळ पदकाचा झाला. एका चिठ्ठीने केवढी मजल मारली! किंमतही पडली, हे खरे. ‘हुतूतू हुतूतू’ असा दम घुमवणारी पोरे आता दिसत नाहीत. एकाची चिठ्ठी पक्की होते तेव्हा दुसऱ्या दहा नावांचा दम तुटतो.

बुद्धिबळात तर याहून मौज आहे. आपण पटाच्या कोपऱ्यात हत्ती उभा करतो आणि तिरप्या चालीने जाणाऱ्याला उंट म्हणतो. रशियन माणसाचा हत्ती तिरपा जातो, म्हणजे आपला उंट तो त्याचा हत्ती. इंग्रजाने त्याच सोंगटीला धर्मगुरू केले, फ्रेंचांनी विदूषक, आणि जर्मनांनी नुसताच धावणारा. वैरागचा खेळाडू आणि मॉस्कोचा खेळाडू ‘हत्ती मेला’ असे एकाच वेळी म्हणाले, तर दोघांच्या मनात दोन वेगळे शोक असतील.

यावर बेलग्रेडच्या मंडळींनी एक नामी युक्ती काढली. १९६६ पासून निघू लागलेल्या त्यांच्या ‘इन्फॉर्मेटर’ या प्रकाशनात डावांवरची चर्चा शब्दांत न करता खुणांनी केलेली असे. पुढे १९७० नंतरच्या दशकात त्यांनी डावाच्या सुरुवातींचा कोशच रचला. पाच खंडांना पाच अक्षरे, प्रत्येक अक्षरापुढे शून्य-शून्य ते नव्व्याण्णव असे आकडे, एकूण पाचशे कप्पे. सिसिलियन बचाव म्हटला की दुसऱ्या खंडात वीस ते नव्व्याण्णव. आज नागपूरची एखादी मुलगी कुठल्या परदेशी मुलीच्या डावावर चर्चा करते, तेव्हा दोघींमध्ये एकही समान भाषा नसली तरी कप्पा समान असतो. २०२५ च्या जुलैत नागपूरच्याच दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तिच्या खेळाचे श्रेय अर्थातच तिचे आहे. पण तिच्या पिढीने जो अभ्यास केला तो या कप्प्यांत लावून ठेवलेला होता.

मात्र चिठ्ठी सगळेच लक्षात ठेवते असे नाही. त्याच कोशात ‘भारतीय बचाव’ नावाचे एक मोठे कुटुंब आहे. हे नाव पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश साहेबाशी खेळणाऱ्या महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्यामुळे. ते घोडा पुढे काढून उंट बगलेला बसवीत आणि मधला पट मुद्दाम मोकळा सोडीत. साहेबांना ते विचित्र वाटले. शंभर वर्षांनी तेच जगातल्या नामांकित खेळाडूंचे शस्त्र झाले. चिठ्ठीवर देशाचे नाव राहिले, माणसाचे गळाले. चिठ्ठी लहान असते. तिच्यावर काय मावले नाही, हेही अधूनमधून विचारावे लागते.

तोच प्रश्न आमच्या पाकिटांनी विचारला. मुलांनी सुरुवातीला चार पाकिटे केली होती: ‘मैदानी’, ‘बैठे’, ‘कसरतीचे’ आणि ‘इतर’. महिनाभरात पहिली तीन बेताची भरली, आणि ‘इतर’ एवढे फुगले की त्याला दोरा बांधावा लागला. एका मुलीने ते उपडे केले आणि पत्ते लावत बसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

“मॅडम, यातले जवळजवळ सगळे पत्ते आज्यांनी सांगितलेत.”

पाहिले तर खरेच तसे होते. झिम्मा, पिंगा, फुगड्यांचे प्रकार, कोंबडा, काचापाणी, ठिकऱ्या, सागरगोटे. दंडफुगडीत पायांचा जो कस लागतो तो लागूनही तिला कोणी ‘कसरतीचे’ म्हटले नव्हते. अंगणभर धावूनही झिम्मा ‘मैदानी’ झाला नव्हता. आम्ही एका आजींना मुद्दाम विचारले, तेव्हा त्यांनी आमचीच समजूत घातली.

“ते खेळ न्हवं गं बायांनो. ते पंचमीचं. खेळ गडीमान्सं खेळायची. आमी सन करत होतो.”

मला वाटते, सगळ्या संग्रहात इतके मोलाचे वाक्य दुसरे नाही. चिठ्ठी नुसती पाकिटावर नव्हती; ती आजींच्या मनावरही होती. ज्यांना आयुष्यात कोणी खेळाडू म्हटले नाही, त्यांनी स्वतःही आपल्याला तसे कधी म्हटले नाही. मग पत्ते गोळा करणाऱ्या पोरांनी ‘इतर’ लिहिले, तर दोष कुणाला द्यायचा?

हा केवळ शब्दांचा किस नव्हे. आपल्या राज्यात गुणवंत खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्या मान्यताप्राप्त खेळांच्या खेळाडूंना. यादीत नाव असलेल्या खेळाच्या मुलीला प्रमाणपत्र मिळते, गुण मिळतात, कधी कधी सारे आयुष्य बदलते. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळली आणि २०२० साली अर्जुन पुरस्काराची मानकरी झाली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला; भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे, आणि दोन्ही संघ जिंकले. पाठशिवणीच्या अंगणातल्या खेळाला शंभर वर्षांपूर्वी कोणी नाव, नियम आणि कप्पा दिला नसता, तर या मुलीही आज ‘इतर’ मध्येच धावत असत्या.

मग पाकिटे कशी करावीत? मोठमोठ्यांनाही हा प्रश्न सुटायला वेळ लागला आहे. अमेरिकेच्या मेल्विल ड्यूईने १८७६ साली ग्रंथालयांसाठी दशांश पद्धत काढली. तिच्यात बुद्धिबळासारखे घरात बसून बुद्धीने खेळायचे खेळ ७९४, नशिबाचे खेळ ७९५ आणि मैदानी खेळ ७९६. पत्ते ७९५ मध्ये गेले. त्यामुळे ब्रिजवर डोके फोडणारे पट्टीचे खेळाडू ग्रंथालयाच्या फळीवर अजूनही नशिबाच्या शेजाराला बसतात. संगणकावरचे खेळ निघाले तेव्हा त्यांना ७९४ च्या पोटात जागा केली. म्हणजे रात्रभर मोबाइलवर लढाई करणारा आपला चिरंजीव ग्रंथपालाच्या लेखी बुद्धिबळाचा सख्खा शेजारी आहे. आईबापांनी याचा धसका घ्यायचा की अभिमान बाळगायचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

या पद्धतीची अडचण अशी की एका वस्तूला एकच कप्पा. आपल्या शियाळी रामामृत रंगनाथन यांना हे खटकले. हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडावे तसे नवे यंत्र तयार! त्यांनी ठरवले की विषयाचेही असेच सुटे भाग करून हवे तसे जोडावेत. १९३३ साली त्यांची ‘कोलन’ पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात पुढे पाच प्रश्न पक्के झाले. साध्या मराठीत सांगायचे तर: मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिच्यात क्रिया काय, ती कुठली, आणि केव्हाची. ग्रंथांच्या जगाला शिस्त लावणारी ही कल्पना एका खेळण्यातून आली, हे या लेखाला शोभणारेच आहे.

आमच्या मुलीने हेच पाच प्रश्न सागरगोट्यांना लावले. खेळणाऱ्या कोण? मुली. साहित्य? सागरगोट्याच्या बिया, नसल्यास खडे. क्रिया? उडवणे, झेलणे, वेचणे. जागा? ओसरी. वेळ? दुपारची, कामे उरकल्यावरची. एका पत्त्याला पाच चिठ्ठ्या झाल्या. आता ‘झेलणे’ शोधणाराला क्रिकेटशेजारी सागरगोटे सापडतात, आणि ‘ओसरी’ शोधणाराला सारीपाटाच्या जोडीला. ‘इतर’चे पाकीट तिने रिकामे केले आणि उलटे करून वापरायला ठेवले, कागद वाया घालवायचा नाही, हा आमच्या भागाचा धर्म आहे.

आता या सगळ्याची दुसरी, काळी बाजू सांगितली पाहिजे. चिठ्ठीने जसे हरवलेले सापडते, तसे उघडे असलेले झाकताही येते.

पैशाच्या खेळांवर कायद्याने फार पूर्वीपासून दोन चिठ्ठ्या लावल्या आहेत: कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट दिली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीविषयी निर्णय दिला की कोणते पान पडले ते ध्यानात ठेवावे लागते, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे ते ठरवावे लागते, म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. पण त्याच निर्णयात पुढे असेही होते की, खेळ चालवणारा जर पैसे लावलेल्या त्या खेळावर नफा कमावीत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. पुढे मोबाइलवरची रमी आली. चिठ्ठीवर पहिला अर्धा भाग मोठ्या टायपात छापला गेला. दुसरा अर्धा कुठे गळाला, कोण जाणे.

माझ्या ओळखीच्या एका घरात पत्त्यांना कायम बंदी. गणपतीच्या जागरणातसुद्धा पत्ते काढू देत नसत. त्या घरातला मुलगा वर्षभर अशा एका खेळात गुंतला, आणि उसाच्या बिलाचे दोन हप्ते गेले. आईला विचारले, तुम्हाला कसे कळले नाही? ती म्हणाली, “पत्ते असते तर मी हातातून फोन काढून घेतला असता ओ. त्यो म्हनला, ह्यो डोक्याचा खेळ हाय, कोर्टानंच सांगितलंय. मला वाटलं, बुद्धिबळावानी काय तरी आसंल.” मुलगा सावरला. बहिणीचे शिक्षण मात्र एक वर्ष मागे पडले. खेळात बहीण नव्हती, हरली ती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यात या जुन्या दोन चिठ्ठ्या बाजूला सारून तीन नव्या केल्या आहेत: ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ. पैशाच्या खेळात कौशल्य आहे की नशीब, हे पाहायचेच नाही; पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा असली की तो त्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला मनाई. या विभागणीत कोणावर अन्याय होतो आणि कोणावर नाही, याचा खल वकील मंडळी करतील. मला त्यात एवढेच दिसते की प्रश्न बदलला. पूर्वी विचारीत, खेळायला काय लागते? आता विचारतात, खेळून काय जाते? त्या आईला हा दुसरा प्रश्न आधी कोणी विचारायला शिकवला असता, तर तिने तो मुलाला नक्की विचारला असता.

वाचकहो, आपल्या घरातल्या मुलांच्या गप्पा आज शेकडो चिठ्ठ्यांनी लावलेल्या असतात. त्यांतल्या पुष्कळ आपल्याला कळत नाहीत, आणि कळल्याच पाहिजेत असेही नाही. पण एखादा नवा शब्द कानावर आला, तर तो कुणी लिहिला, शोधणाऱ्याच्या सोयीसाठी की विकणाऱ्याच्या, एवढे जरूर विचारावे. आणि आपल्या स्वतःच्या मनात एक ‘इतर’ नावाचे पाकीट असते, तेही वर्षातून एकदा उपडे करावे. त्यात कुणाची तरी आजी फुगडी घालत असण्याचा संभव आहे. माळे आणि फडताळे झाडायला काढलीच आहेत, तर त्याच हाताने हेही होऊन जाऊ द्या.